उघडा राहिलेला माईक

सुदामभाऊ कुठल्याही रिकाम्या घरात शिरले की आधी टाळी वाजवत. एकच, सणसणीत. मग मान वाकडी करून ऐकत उभे राहत. हॉलमध्ये टाळी, जिन्यात टाळी, न्हाणीघरात टाळी. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हातारा बंगल्यातली वटवाघळं उडवतोय. "ह्या खोलीत लय घुमतंय," ते म्हणाले. "हितं दोन स्पीकर लावलंस तर मानसाला मानसाचं बोलनं ऐकू यायचं न्हाई. एकच लाव, आन् त्योबी पडद्याच्या बाजूला." या कामासाठी माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं, चांगले पैसे मोजून घेतलेलं. त्यानंही तेच सांगितलं, फक्त पंधरा मिनिटांनी आणि इंग्रजीत.

लोणावळ्यात माझं दुकान आहे. बंगल्यांमध्ये घरभर गाणी वाजवायची यंत्रणा बसवून देणं हा माझा धंदा. म्हणजे मालक मुंबईहून येणार, दारात पाय ठेवतानाच मोबाइलवर बोट फिरवणार, आणि हॉल, बेडरूम, गच्ची, पोहायचा तलाव, फार काय संडासातसुद्धा एकच गाणं एकाच वेळी सुरू होणार. आईसाहेबांना वरच्या खोलीत भजन हवं आणि चिरंजीवांना तलावाकाठी धांगडधिंगा हवा, तर तीही सोय. छतात गोल स्पीकर, भिंतीतून तारा, जिन्याखालच्या कपाटात सगळ्याचा मेंदू. मेंदूचं काम माझं. भिंती आणि तारा सुदामभाऊंच्या.

ते कान्ह्याचे. रेल्वे फाटकाच्या अलीकडे बौद्ध वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. वयानं माझ्या वडिलांएवढे, अंगानं काटकुळे, खिशात कायम एक टेस्टर आणि एक रुमाल. तरुणपणी गावोगाव लग्नांत, जयंतीत, जत्रेत लाउडस्पीकर लावायचे; मग वायरमनचं काम शिकले. आठ वर्षं ते माझ्याबरोबर होते. गिऱ्हाइकासमोर मला ‘शेठ’ म्हणायचे आणि गिऱ्हाईक वळलं की ‘नित्या’. गेल्या थंडीत ते वारले. मला निरोप मिळाला होता. मी गेलो नाही.

मी त्यांच्याविषयी कुणापाशी बोलत नाही. त्यांचं चांगलं सांगायला लागलं की गोष्ट शेवटी माझ्यावर येते, आणि तिथे मला माझी लाज वाटते. आज लिहितोय तेही सरळ मनानं लिहितोय असं नाही.

वायफायवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दीड हात जाड. मी नव्या जमान्याचा माणूस, मी बिनतारी स्पीकरचे डबे घेऊन जायचो. भाऊ बघत राहायचे. मग म्हणायचे, "तुजं वायफाय म्हंजी पावनं हाय. दार उघडं दिसलं तर आत येनार, न्हाई तर वट्यावरनंच परत. तार म्हंजी घरचं मानूस, कुटनंबी घुसंल." दोन पावसाळ्यांत माझे तीन बिनतारी संसार मोडले, तेव्हापासून मी मुकाट्यानं तार टाकायला लागलो. तारेच्या प्रत्येक टोकाला ते व्हॅसलीन चोपडायचे. घाटमाथ्यावर चार महिने ढग खिडकीतून आत येतो, त्यात तांब्याला हिरवं चढायला वेळ लागत नाही. व्हॅसलीनची बाटली संपली की माझ्या नावानं दुकानातून आणायचे आणि घरी बायकोच्या टाचांनाही त्यातलंच लावायचे. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं.

तुंगार्लीच्या एका बंगल्यात एक नव्वदीचे आजोबा होते. मुलानं सगळ्या घरात उत्तमातले उत्तम स्पीकर लावायला सांगितले, आजोबांच्या खोलीत मात्र नको. "त्यांना काही ऐकू येत नाही, उगाच कशाला?" भाऊंनी हो म्हटलं आणि दुपारभर आजोबांच्या खोलीतच बसून राहिले. संध्याकाळी एक उरलेला जुना स्पीकर त्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या लाकडी फळीला पाठीमागून घट्ट बसवला, आणि जिन्याखालच्या कपाटातून एक जास्तीची तार तिकडे वळवली. आजोबांनी उशी टेकली, डोकं फळीला लागलं, आणि ते एकदम म्हणाले, "अरे, तबला!" कानानं नव्हे, कवटीनं ऐकत होते ते. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझा हात हातात घेऊन माझे आभार मानले. ‘हे काम भाऊंचं आहे’ असं म्हणायला मला एक क्षण पुरला असता. मी म्हणालो, "आमच्या सर्व्हिसमध्येच येतं ते सर." भाऊ शिडी घडी करत होते. त्यांनी ऐकलं असणार.

आता माईकबद्दल सांगायला हवं. भाऊंच्या भाषेत स्पीकर म्हणजे तोंड आणि माईक म्हणजे कान. काम करताना ते चहा पीत नसत. हत्यारांची पेटी बंद झाल्यावरच पीत. कुणी आग्रह केला तर हसून टाळायचे. एकदा पवना धरणाच्या कडेच्या एका बंगल्यात पावसात अडकलो होतो तेव्हा मी छेडलंच, की चहानं तुमचं काय घोडं मारलंय?

"घोडं न्हाई, लगीन मारलं," भाऊ म्हणाले. "इशीतला व्हतो मी. एका गावात लग्नाचा स्पीकर माजा. अक्षता पडायला येळ व्हता, म्हनून मी माईक तसाच चालू ठिवून चहाला गेलो. माईक नवरीच्या खोलीच्या खिडकीपाशी. आत नवरीची आय पोरीसंगं पाठराखीन जानाऱ्या तिच्या जावंला सांगत व्हती, पोरीला फिटा येत्यात, लहानपनापासनं, औषध चालू ठिव, सासरी कुनाला सांगू नको. ते झाडावरच्या भोंग्यातनं सगळ्या गावानं ऐकलं. मीबी ऐकलं, हातात कप व्हता माज्या."

"मग?"

"मग काय? वऱ्हाड उटून गेलं. पोरगी बोहल्यावर बसली व्हती, ती तशीच बसली. तवापासनं बोलनाऱ्याचं बोलून झालं की माईकवर माजा रुमाल पडलाच म्हनून समज. दुसऱ्याचा कान आपल्या ताब्यात असतोय नित्या. लय जोखमीचं काम हाय ते."

मी त्यावर काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, हे बरंच आहे.

खंडाळ्याला घाटाच्या अगदी धारेवर एका मॅडमचा नवा बंगला झाला. सात खोल्या, दोन गच्च्या. मॅडम मुंबईत बसून रोज व्हिडिओ कॉलवर उंटावरून शेळ्या हाकायच्या. बंगला सांभाळायला तिकोणा पेठेचं एक जोडपं होतं, हिराबाई आणि रामदास. मागच्या बाजूच्या एका खोलीत राहायचे. हिराबाई पन्नाशीच्या, हात चालला की तोंडही चालायचं अशा. भाऊंना त्या पहिल्या दिवसापासून ‘दादा’ म्हणायला लागल्या. पेटी बंद व्हायची वेळ बघून बरोबर चहा ठेवायच्या, आणि भाऊ पायरीवर बसून तो बशीतून प्यायचे. काम अडीच महिने चाललं. तेवढ्यात राखीपौर्णिमा आली, तर हिराबाईंनी माझ्यादेखत त्यांना राखी बांधली. ती राखी पार विरून गळून पडेपर्यंत भाऊंच्या मनगटावर होती.

मॅडमना एक नवी सोय हवी होती. वरून त्यांनी ‘चहा पाठवा’ म्हटलं की स्वयंपाकघरात ऐकू यावं, आणि स्वयंपाकघरातून ‘पानं वाढलीत’ म्हटलं की सगळ्या खोल्यांत. म्हणजे स्वयंपाकघरात माईक आला. भाऊ पहिल्यांदाच माझ्यावर चिडले.

"तितं तोंड बसीव. कान नगं."

"मॅडमना पाहिजे भाऊ."

"त्यांला पायजेलच. पर ती बाई दिवसभर तितं वावरती. तिचं तिच्या घरधन्याशी बोलायचं ठिकान त्येच हाय. मागली खोली निस्ती झोपाया."

शेवटी मधला मार्ग निघाला. माईकला बटण असेल. दाबून धरलं तरच बोलेल, सोडलं की मुका. भाऊंनी स्वतः हिराबाईंना ते दहा वेळा दाबून दाखवलं. "बोट काढलं की मेलं, समजलं का? मग तू आन् तुजी चूल. कोन ऐकत न्हाई." हिराबाई हसल्या. म्हणाल्या, "दादा तुमी हाय म्हनल्यावर मला काय भ्या?"

एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. सगळी यंत्रणा चालवायचं एक वेगळं ॲप माझ्या मोबाइलमध्ये होतं; त्यावरून तो माईक बटणाशिवाय, कायमचा उघडा ठेवता येत असे. तपासणीसाठी तशी सोय असते. भाऊंकडे ते ॲप नव्हतं. त्यांचा फोन नुसता बोलायचा.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी शेवटची तपासणी राहिली होती. एरवी या कामाला आम्ही दोघं लागायचो. भाऊ स्वयंपाकघरात बटण धरून बोलणार आणि मी खोल्याखोल्यांतून ऐकत फिरणार. त्या दिवशी भाऊ गच्चीवरच्या स्पीकरना प्लास्टिक बांधत होते. त्यांना हाक मारायचा मला कंटाळा आला. मी माईक ॲपवरून उघडा केला, समोर रेडिओ लावून ठेवला, सातही खोल्या फिरून आलो. उत्तम. रेडिओ उचलला. तेवढ्यात फाटकातून पाहुण्यांच्या गाड्या आत यायला लागल्या आणि मॅडमनी मला हाक मारली. माईक मिटायचा राहिला.

दुपारी एकपर्यंत काही कळलं नाही, कारण घरभर सनई लावलेली होती. पूजा झाली, साठेक पाहुणे हॉलमध्ये जमले. मॅडम दोन शब्द बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी सनई बंद केली.

त्या ‘नमस्कार’ म्हणणार तोच छतातून हिराबाईंचा आवाज आला. शांत, दमलेला. कढईत काहीतरी तळल्याचा आवाज मागे.

"…कामशेतचा डाक्टर म्हनला गाठ हाय, पिशवी काढाया लागंल. अवो, रातीला कपडं भरत्यात माजं. पर तुमी मॅडमला कळू देऊ नगा. दुखनेकरी बाई कोन ठिवंल? आपल्याला हितनं काढतील. दिवाळीपातुर मी रेटते."

रामदास काहीतरी पुटपुटला. मग हिराबाई रडू आवरल्यासारखं नाक ओढून म्हणाल्या, "धरा हे ताट. भजी गार व्हत्यात."

हे सगळं हॉलमध्ये, जिन्यात, दोन्ही गच्च्यांवर, बेडरूममध्ये, न्हाणीघरात, सगळीकडे एकसारखं स्वच्छ ऐकू आलं. माझं काम इतकं चोख यापूर्वी कधी झालं नव्हतं. मी खिशातला मोबाइल काढून माईक बंद केला. आणि त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडून हिराबाई भज्यांचं ताट घेऊन हसत बाहेर आल्या. माईक चालू असला की स्वयंपाकघरातला स्पीकर मुका राहतो, त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं. साठ माणसं आपल्याकडे का बघतायत, एका बाईनं डोळ्यांना पदर का लावलाय, हे त्यांना कळेना. त्यांनी ताट पुढे केलं. कुणी भजं उचललं नाही. मग पाहुण्यांतलीच एक बाई पुढे झाली आणि तिनं त्यांना हळू आवाजात सांगितलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हे काय आहे? कुणी केलं हे?"

भाऊ गच्चीच्या दारात उभे होते, हातात प्लास्टिकची गुंडाळी.

मी म्हणालो, "स्वयंपाकघराचं काम भाऊंनी केलंय मॅडम. माईक उघडा राहिला असेल त्यांच्याकडून."

एवढंच. दोन वाक्यं. मी ती अडखळतसुद्धा बोललो नाही. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हिराबाईंकडे पाहिलं. आणि म्हणाले, "चुकलं मॅडम."

हिराबाई ताट तसंच हातात धरून म्हणाल्या, "दादा, तुमी?"

भाऊ मान खाली घालून उभे राहिले. ज्या माणसानं एका चूकभुलीपायी जन्मभर कामावर चहा सोडला होता, त्याच्यावर मी नेमकं तेच खापर फोडलं. दुसरं कुठलंही फोडता आलं असतं. तार तुटली, फ्यूज गेला, काहीही.

तिसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले. माझं ड्रिल, माझी शिडी, दुकानाची जास्तीची किल्ली, सगळं त्यांनी काउंटरवर नीट मांडलं.

"अहो भाऊ, हे काय? मॅडमचं काय मनावर घेता. मी सांगीन त्यांना सगळं."

"कवा?"

"बघतो. जरा शांत होऊ द्या."

"बरं," म्हणाले, आणि गेले.

मी सांगितलं नाही. मॅडमच्या पाहुण्यांपैकी दोघांनी मला त्यांच्या बंगल्यांचं काम दिलं, त्यात दिवस गेले. हिराबाईंना महिन्याभरात काढलं. ‘आता तू आराम कर, ऑपरेशन करून घे,’ असं प्रेमानं सांगून काढलं. मागच्या खोलीत नवं जोडपं आलं. एक दुरुस्ती होती म्हणून मी गेलो, तर नव्या बाईनं स्वयंपाकघरातल्या माईकवर एक जाड फडकं बांधून ठेवलं होतं. तिला कुणीतरी सगळं सांगितलं असणार.

गोष्ट मावळभर झाली. कामशेतचा एक मंडपवाला माझा मित्र आहे, तो हसत हसत सांगायचा, सुदामला आता कुणी माईकला हात लावू देत नाही. त्यांच्या स्वतःच्या वस्तीतल्या जयंतीलासुद्धा त्या वर्षी तळेगावहून साउंडवाला आणला. मीही मित्राबरोबर हसलो. हसलो नसतो तर त्यानं विचारलं असतं, का रे?

दीड वर्षानं मी कान्ह्याला गेलो. माफी मागायला गेलो असं म्हणायला फार बरं वाटेल. पण मला एक दगडी बंगला मिळाला होता, सगळा घुमत होता, माझ्या ॲपला काही सुचत नव्हतं. मला ती टाळी हवी होती.

भाऊ अंगणात एका टेबलफॅनचं पोट उघडून बसले होते. चांगलेच वाळले होते. "या शेठ," म्हणाले. आसपास गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

बंगल्याचं माझ्या तोंडून निघेचना. मी विचारलं, "हिराबाई कशा आहेत?"

"आपरेशन झालं. जिवानं बरी हाय. पर घराभाईर निघत न्हाई. पानवठ्यावर बाया इचारत्यात, कापडं भरत्यात का अजून. मी दोनदा गेलतो. दारातनंच लावून दिलं मला."

मग मी बोललो. माईक मी उघडा ठेवला होता, मी खोटं बोललो, सगळं. बोलताना मला रडू आलं आणि त्या रडण्याचीही लाज वाटली, कारण ते मला हलकं करत होतं.

भाऊंनी पंख्याचा स्क्रू आवळला. "मला काय नवं सांगतूस? बटनानं त्यो उघडा ऱ्हायचा न्हाई, म्हंजी तुज्या मोबाइलातनंच. माज्याकडं ते ॲप कुटं हाय?"

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"ती बाई ताट घिऊन हुबी व्हती रं. आपुन दोघं भांडाया लागलो असतो, तू केलंस का मी केलं, तर तिचंच बोलनं सगळ्यांम्होरं पुन्ना पुन्ना उगाळलं गेलं असतं. म्हनलं हितं मिटवावं. तू मागनं सांगशील, असं वाटलं."

मला वर बघवेना.

"माजं नाव गेलं ते जाऊ दे," भाऊ म्हणाले. "माजं काय, आज हाय उद्या न्हाई. पर तिला वाटतंय, राखी बांधली त्येनंच घात केला. ते तेवढं काढ तिच्या मनातनं. मी सांगून पटायचं न्हाई. तुला जावं लागंल."

"जातो भाऊ."

"कवा?"

"आत्ता. इथून सरळ तिकडेच."

त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला बघून धडकी भरली. लगबगीनं उठले, टोपी घातली, बायकोला आतल्या बाजूला ओरडून सांगितलं, "शेठसंगं कामशेतपातुर जाऊन येतो." माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. वाटेत वाऱ्यात ओरडून ओरडून मला घर समजावत होते. धरण उजव्या हाताला टाकायचं, किल्ला समोर दिसला की पेठ आली, देवळामागचं दुसरं घर, दारात शेवगा आहे. "काय बोलली तर ऐकून घे. वाईट न्हाई ती."

कामशेतला पवनानगरचा फाटा येतो. डावीकडे वळलं की तिकोणा पेठ, सरळ गेलं की लोणावळा. फाट्याच्या अलीकडे भाऊ उतरले. माझ्या पाठीवर थाप मारली. "जा, नित्या," म्हणाले.

मी डावीकडचा इंडिकेटर लावला. रस्ता मोकळा होता. समोरून ना ट्रक येत होता ना एसटी. हिराबाईंच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मी मनात जुळवू लागलो, आणि मला ते ताट दिसलं. आधी दुकान उघडावं, मी ठरवलं, दुपारी निवांत जाऊ. मी सरळ गेलो.

ती दुपार अजून आलेली नाही. भाऊंना त्यानंतर मी पाहिलं नाही, आणि हिराबाई आजही त्यांना बोल लावत असतील.

त्या दिवशी मी सरळ जात होतो तरी इंडिकेटर डावीकडेच लुकलुकत होता. आरशात भाऊ दिसत होते, फाट्याच्या अलीकडे, हात उंच करून मला निरोप देत. हात काही वेळ तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, आणि ते कान्ह्याच्या दिशेनं चालायला लागले.